देव पावला की नाही, हे ठरवतो कोण?

पोर आजारी आहे. नवरा भजनात रंगलाय. संसाराचं ओझं ओढून ओढून जेरीला आलेली बायको शेवटी चप्पल हातात घेते आणि तरातरा देवळाकडे निघते. भांडायचंय ते पुजाऱ्याशी नाही, थेट विठोबाशी.

हा प्रसंग 1936 च्या ‘संत तुकाराम’मधला. प्रभातचा सिनेमा, दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस आणि जिजाई झालेली गौरी. मुंबईत तो एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या निवडक तीन उत्तम चित्रपटांत गणला गेला. सिनेमात चमत्कार भरपूर आहेत, अगदी हौसेने केलेले. तरी आजही तो बघवतो याचं कारण चमत्कार नाहीत, जिजाई आहे. तुकोबांचा छळ करणारा सालोमालो हा तसा कागदी खलनायक. खरा विरोधी पक्ष घरातच, चुलीपाशी बसलेला. तिचे प्रश्न साधे आहेत: पोरांनी खायचं काय? तुमचा देव करतो काय? आणि सिनेमा तिला वेड्यात काढत नाही. तुकोबा वैकुंठाला निघताना तिलाही चल म्हणतात, तर ती जात नाही. तिला पोरं आहेत, घर आहे.

माणसाची फरफट, त्याची श्रद्धा आणि शेवटी त्याचं सावरणं किंवा न सावरणं अशा विषयांवरचे स्वतंत्र चित्रपट आज बरेच निघतात, महोत्सवांत गाजतात, आणि घरी ओटीटीवर लावले की वीस मिनिटांत कुणीतरी विचारतं, ‘यात काही घडणार आहे का?’ प्रश्न रास्त आहे. हे सिनेमे असे का असतात, त्यांना पैसा कुठून येतो आणि त्या पैशाचा शेवटच्या प्रसंगाशी काय संबंध, हे एकदा नीट उलगडून पाहू.

सांगाडा आपल्याला पाठ आहे. माणूस कोसळतो: दारूने, आजाराने, गुन्ह्याने, अपयशाने. मग तो कशाला तरी धरून राहतो. तो आधार देवाचाच असतो असं नाही, गुरू असेल, कला असेल, दिलेला शब्द असेल. आणि शेवटी प्रश्न उरतो की त्याला माफी मिळाली का, आणि ती देणारा कोण. वाल्या कोळ्याची गोष्ट शाळेत ऐकलेल्या कुणालाही हे नवं नाही. त्या गोष्टीत आपण नारदाला मोठं श्रेय देतो, पण खरा घाव घालतात ते बायको-पोरं. ‘तुमचं पाप तुमचं’ असं घरचे म्हणतात, तेव्हा वाल्याच्या पायाखालची जमीन सरकते. मंत्र त्यानंतर येतो. चांगला पटकथालेखक आजही नेमकी तीच जागा शोधत असतो.

आता ‘स्वतंत्र’ म्हणजे काय? कमी बजेटचा, अंधारात चित्रित केलेला, नट अनोळखी असलेला सिनेमा म्हणजे स्वतंत्र, असा एक समज आहे. तो अर्धवट आहे. ज्या सिनेमाची पटकथा आणि शेवटचा कट (म्हणजे अंतिम संकलन) मोठा स्टुडिओ, चॅनल किंवा बड्या नटाचं ऑफिस ठरवत नाही, तो स्वतंत्र. पैसा घरचा असेल, मित्रांचा असेल, अनुदानाचा असेल. या हिशेबाने आपली सुरुवातच स्वतंत्र आहे. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले, दादरला स्टुडिओ थाटला, सरस्वतीबाईंनी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, आणि 3 मे 1913 ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. विषय कोणता? एक माणूस शब्दापायी राज्य, बायको, मुलगा सगळं घालवतो, स्मशानात राबतो, आणि अखेर देव प्रसन्न होऊन सगळं परत देतो. म्हणजे आपला पहिला पूर्ण लांबीचा कथापट याच जातीचा निघाला.

फाळक्यांच्या सिनेमात देव पावतो. पावायलाच हवा, पुराणात तसंच लिहिलंय. पण गोष्ट पुराणातली नसेल, लेखकाने रचलेली असेल, तेव्हा देव पावेल की नाही हे कोण ठरवतं? लेखक, असं आपण म्हणू. माझं मत जरा वेगळं आहे. बहुतेक वेळा ते पैसा ठरवतो.

अमेरिकेतलं उदाहरण घ्या, तिथे हा व्यवहार उघड्यावर चालतो. 2008 मध्ये ‘फायरप्रूफ’ नावाचा सिनेमा आला. जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावच्या एका बॅप्टिस्ट चर्चने तो काढला. खर्च सुमारे 5 लाख डॉलर, काम करणारे बरेचसे चर्चचेच स्वयंसेवक. अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचं लग्न मोडायला आलंय. वडील त्याला चाळीस दिवसांचा नेम लावून देतात, तो येशूकडे वळतो, संसार सावरतो. या सिनेमाने अमेरिकेत 3 कोटी 30 लाख डॉलरहून जास्त धंदा केला. गावोगावच्या चर्चमंडळींनी घोळक्याने तिकिटं काढली. शेवट ठरवणारा स्टुडिओ नाही, बड्या नटाचं ऑफिस नाही, म्हणजे व्याख्येने हा पक्का स्वतंत्र सिनेमा. पण समजा लेखकाच्या मनात आलं असतं की नायक बदलला, मनापासून बदलला, तरीही बायको सोडून जाते. तर तसं करता आलं असतं? तिकीट काढणारा श्रद्धेला दुजोरा मिळावा म्हणून आलाय. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं म्हणजे करार मोडणं. यात लबाडी काही नाही. पण स्टुडिओ नसला तरी धनी असतोच, एवढं यावरून कळतं.

आपल्याकडे 1975 मध्ये ‘जय संतोषी माँ’ने हेच वेगळ्या तऱ्हेने दाखवलं. छोटा सिनेमा, त्याच वर्षी समोर ‘शोले’. तरी तो तुफान चालला, लोक थिएटरबाहेर चपला काढून आत जायचे, पडद्यावर पैसे आणि फुलं उधळायचे. ज्या पडद्याला हार घातला जातो त्या पडद्यावर देवीने हात वर करून चालत नाही.

मग हात वर करणारा देव दाखवायचा असेल तर पैसा कुणाकडून आणायचा? आणि आणलेला पैसा फिटणार कसा?

कागदावर मांडू. हिशेबापुरतं धरा की सिनेमाचा खर्च 1 कोटी आहे, म्हणजे हल्लीच्या मानाने हात आखडूनच केलेला. तिकीट 200 रुपयांचं. त्यातला 18 टक्के जीएसटी बाजूला काढला की उरतात साधारण 169 रुपये. मल्टिप्लेक्सच्या नेहमीच्या व्यवहारात पहिल्या आठवड्यात यातला जवळपास अर्धा वाटा वितरकाकडे येतो, पुढच्या आठवड्यांत तो घसरत जातो. म्हणजे हातात पडतात फार तर 85 रुपये. 1 कोटी भरून निघायला 1 लाख 18 हजार तिकिटं विकायला हवीत, तीही सगळी पहिल्याच आठवड्यात, आणि यात पोस्टर, जाहिराती, वितरकाचं कमिशन, व्याज काहीच धरलेलं नाही. अनोळखी नटांचा, शेवटी उत्तर न देणारा सिनेमा इतकी तिकिटं क्वचितच विकतो. म्हणून असा सिनेमा काढणारा माणूस तिकीटबारीच्या भरवशावर बसतच नाही. तो आधी दुसरीकडे दारं ठोठावतो.

कुठे? 1960 मध्ये सरकारने फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढलं, त्याच्या पैशावर 1969 मध्ये ‘भुवन शोम’ झाला आणि समांतर सिनेमाची वाट रुंदावली. पुढे 1975 मध्ये एनएफडीसी, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, आलं, 1980 मध्ये जुनं महामंडळ त्यात विलीन झालं. 2007 पासून एनएफडीसी गोव्यात फिल्म बाजार हा सिनेमाच्या सौद्यांचा मेळा भरवतं. तिथे पटकथा घेऊन आलेला मुंबईचा पोरगा परदेशी निर्मात्यासमोर बसतो. परदेशांतही निधी आहेत. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ला पटकथेच्या टप्प्यावर रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स फंडाची मदत झाली होती. निर्माता होता विवेक गोम्बर, ज्याने त्याच सिनेमात बचावाच्या वकिलाची भूमिका केली. पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मागे फ्रान्ससकट अनेक देशांचा पैसा होता. 2024 मध्ये त्याला फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्राँ प्री हा पुरस्कार मिळाला, आणि कानच्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा पोचायला मधे तीस वर्षं गेली होती. लोकवर्गणीचा मार्गही जुना आहे. ‘मंथन’साठी गुजरातेतल्या 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये दिले होते. 2 रुपयांचा शेअरहोल्डर शेवट बदलायला सांगत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

असा पैसा मिळाला की काय करता येतं, ते ‘द डिसायपल’मध्ये बघा. (इथून पुढे शेवट सांगतोय. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी सिनेमा बघून यावा.)

ताम्हाणेचाच हा 2020 चा सिनेमा, व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळालेला, मराठीत, मुंबईत घडणारा. देव त्यात जवळजवळ नाहीच. तरी श्रद्धेवर मराठीत अलीकडे इतकं निर्दय काही आलेलं मी पाहिलेलं नाही. शरद नेरुळकर शास्त्रीय गाणं शिकतो. गुरुजींची सेवा करतो, त्यांचे पाय चेपतो, त्यांची औषधं बघतो. गुरुजींच्या गुरू माई कधीच वारलेल्या. त्यांनी गाणं ध्वनिमुद्रित करू दिलं नाही. मात्र गाण्याबद्दलची त्यांची काही बोलणी टेपवर आहेत, आणि शरदकडे ती आलीत. रात्री मुंबईच्या मोकळ्या रस्त्यांवरून तो मोटरसायकल चालवतो, कानात हेडफोन, आणि माईंचा आवाज सांगत असतो की साधना म्हणजे काय, त्याग म्हणजे काय. चाल मंद केलेली, दिवे सरकताहेत, चेहऱ्यावर वारा. तो आवाज दिलाय दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांनी. या शहरात माणसाला दिवसभर कुणी एकटं सोडत नाही. त्यामुळे ती रात्रीची मोटरसायकल हेच शरदचं देवघर होऊन बसतं.

मग एक दिवस एक जाणकार संग्राहक त्याला सहज गप्पांत सांगतो की माई आणि गुरुजी प्रत्यक्षात कसे होते. गोष्टी खऱ्या की आकसाच्या, सिनेमा सांगत नाही. शरद काय करतो? वाद घालत नाही, रडत नाही. समोरचं पाणी त्या माणसाच्या तोंडावर फेकतो. पडद्यावर हे काही सेकंदांत संपतं, पण मला त्यात सगळा सिनेमा दिसतो. ज्याचा विश्वास शाबूत आहे तो हसून सोडून देईल. पाणी तोच फेकतो ज्याला आतून वाटून गेलंय की हे खरं असू शकेल.

नेहमीच्या सिनेमात यापुढे एक मैफल असती. वर्षांची साधना फळाला आली असती, गुरुजींच्या डोळ्यांत पाणी. इथे शरद मैफलीत गाताना मध्येच थांबतो आणि उठून जातो. त्याच्यात ते नाहीच. मेहनत आहे, निष्ठा आहे, आणि तरी ते नाही. पुढे तो लग्न करतो, मुलगी होते, जुन्या संगीताचा व्यवसाय करतो. शेवटी लोकलमध्ये बसलाय, आणि वाद्य घेऊन गाणारा एक माणूस डब्यातून जातो. शरद हरला की सुटला? मला विचाराल तर सुटला. माझ्याबरोबर बसून सिनेमा पाहिलेल्या गाणाऱ्या मित्राच्या मते तो हरला, आणि यावर आमचं अजून जमलेलं नाही.

2013 मध्ये प्रदर्शित झालेला आनंद गांधीचा ‘शिप ऑफ थिसियस’ याच शहरातला. त्यातला मैत्रेय हा साधू प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध कोर्टात लढतोय. त्याला यकृताचा सिरॉसिस होतो. औषध घ्यावं तर तेच औषध प्राण्यांवर तपासलेलं. घेतलं तर तत्त्व गेलं, न घेतलं तर जीव. नीरज कबी या नटाने भूमिकेसाठी स्वतःचं शरीर इतकं आटवलं की काही दृश्यं बघवत नाहीत. मैत्रेय अन्न सोडतो, आणि अगदी शेवटच्या टोकाला उपचार घ्यायला तयार होतो. हा पराभव म्हणून दाखवलेला नाही, साक्षात्कार म्हणूनही नाही. तिसऱ्या गोष्टीत एका शेअर दलालाला कळतं की एका गरीब गवंड्याची किडनी चोरली गेलीय. आपल्या हातून काही चांगलं व्हावं म्हणून तो थेट स्टॉकहोमपर्यंत धडक मारतो. इकडे गवंड्याला न्यायापेक्षा पैसे बरे वाटतात. प्रायश्चित्त घ्यायला निघालेल्या माणसाला समोरचा म्हणतो, राहू द्या, रोख द्या! मुंबईत राहणाऱ्या कुणालाही हा प्रसंग खोटा वाटणार नाही.

खरं तर या शहराच्या श्रद्धेचाच पोत तसा आहे. सोमवारी मध्यरात्रीपासून सिद्धिविनायकाची रांग लागते, बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला सगळ्या धर्मांचे लोक येतात. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, मेणाची बाळं मिळतात, आणि मेणाची घरंही. ज्याला जे हवं ते विकत घ्यायचं आणि माउलीपुढे ठेवायचं. मागणं नेमकं असतं. पाश्चात्त्य सिनेमात नायकाच्या मानेवर बहुतेकदा अपराधीपणाचं जोखड असतं. मुंबईच्या सिनेमात ते जागेचं, पैशाचं, न जमलेल्या आयुष्याचं असतं. ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मधली पार्वती, म्हणजे आपली छाया कदम, इस्पितळात स्वयंपाक करते. नवरा गेल्यावर खोली तिची आहे हे सांगणारा एक कागदही तिच्याकडे नाही. बिल्डर उठवतो आणि ती रत्नागिरीकडच्या गावी परतते. तिची फरफट कुठल्याही उपदेशाने संपणारी नाही, त्याला कागद लागतो.

2025 च्या जानेवारीत रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यातला मुंबईचा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी जातो. सुतकाचे नियम, नातेवाइकांचा ‘लग्न कधी’चा धोशा, आणि बालपणीचा मित्र बाळ्या. आनंदला पुरुष आवडतात, हे आईला माहीत आहे. बाकी गोतावळ्याला सांगायचं काय, हा प्रश्न. इथे रूढी खलनायक नाही, हे मला फार आवडलं. त्याच दहा दिवसांच्या सक्तीमुळे त्याला थांबावं लागतं, आणि थांबल्यामुळे माणूस भेटतो.

‘काही घडतच नाही’ या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. पॉल श्रेडर नावाच्या अमेरिकन लेखकाने 1972 मध्ये यावर एक पुस्तक लिहिलं. कॅल्व्हिन या कडक ख्रिस्ती पंथाच्या घरातला, लहानपणी सिनेमा बघायला बंदी असलेला हा माणूस पुढे ‘टॅक्सी ड्रायव्हर’चा पटकथाकार झाला. जपानचा ओझू, फ्रान्सचा ब्रेसाँ आणि डेन्मार्कचा ड्रायर यांचे सिनेमे तपासून तो म्हणाला की श्रद्धेचा अनुभव पडद्यावर आणायची यांची एक रीत आहे. आधी रोजचं जगणं अगदी कोरडं दाखवायचं: जेवण, चालणं, दार उघडणं. संगीताने भावना सुचवायची नाही, नटाने अभिनय करून दाखवायचा नाही. मग या कोरड्या जगण्यात न बसणारी तडा पाडणारी एक गोष्ट आणायची. आणि शेवटी तो तडा न बुजवता एका स्थिर चित्रावर थांबायचं. नेहमीचा सिनेमा तुमच्या वाटची भावना वाजवून देतो, हा ती देत नाही, त्यामुळे ती तुम्हालाच आणावी लागते. कॅमेरा रिकाम्या दारावर दहा सेकंद जास्त थांबतो ते यासाठी.

अर्थात थांबलेला प्रत्येक कॅमेरा ध्यानस्थ असतो असं नाही. काही नुसतेच थांबलेले असतात. आणि पैसा शेवट ठरवतो हे म्हणताना दुसरी बाजूही बोलायला हवी. परदेशी निधी आणि महोत्सव यांचीही एक आवड आहे, आणि ती आता पोरांना तोंडपाठ झालीय. नायक खिडकीतून बाहेर बघतो, आवाज हळूहळू बंद होतो, काळा पडदा, नावं. प्रश्न न सोडवणं हाच प्रश्न सोडवल्याचा पुरावा. चर्चच्या सिनेमात देवाने पावलंच पाहिजे, तसं इथे त्याने पावताच कामा नये. दोन्हीकडे धनी खूश. असे कितीतरी शेवट मी पाहिलेत जिथे लेखकाला काय म्हणायचंय हे त्यालाच कळलेलं नाही, आणि आपण त्याला खोली म्हणतो. ‘डिसायपल’चा शेवट मोकळा आहे, पण त्याआधी शरदने काय गमावलं याचा पै-पैचा हिशेब दिलाय. उघडा शेवट आणि उचलून सोडलेला शेवट यांत फरक आहे तो एवढाच.

देव आणि धर्म आला की सेन्सॉर येतो, त्याबद्दल थोडक्यात. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्राशिवाय सिनेमा थिएटरात दाखवता येत नाही. सेन्सॉर मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांत धार्मिक गटांचा अवमान होऊ नये असं कलम आहे, आणि अवमान कशाला म्हणायचं हे तपासणी समितीतल्या माणसांवर अवलंबून. निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समिती. पूर्वी त्यापुढे अपील न्यायाधिकरण होतं, ते 2021 मध्ये बंद झालं, आता थेट उच्च न्यायालय. मोठ्या निर्मात्याला वकील परवडतो. छोट्याच्या व्याजाचं मीटर चालू असतं, म्हणून तो मुकाट्याने कट मान्य करतो, किंवा लिहितानाच ती जागा टाळतो. प्रमाणपत्र मिळूनही सुटका नसते. ‘दशक्रिया’ला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला होता, तरी 2017 मध्ये प्रदर्शनाच्या तोंडावर विरोध झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने थांबवायला नकार दिला म्हणून तो लागला. याउलट 2011 चा ‘देऊळ’ गावात दत्ताचं देऊळ कसं उभं राहतं आणि त्याचा बाजार कसा होतो हे सांगूनही लोकांनी डोक्यावर घेतला. केश्याची भक्ती त्यात शेवटपर्यंत खरी आहे, हे त्याचं एक कारण असावं. खऱ्या भक्ताला देवळातून मूर्तीच बाहेर काढावीशी वाटते, ही कल्पना भाविकालाही झोंबली नाही.

मुंबईत हे सगळं बघायचं कुठे? प्रभात चित्र मंडळ 1968 पासून सिनेमे दाखवतंय, थर्ड आय आशियाई महोत्सव होतो, नरिमन पॉइंटला चव्हाण प्रतिष्ठानात यशवंत महोत्सव होतो, आणि ‘मामि’ हा मुंबईचा आंतरराष्ट्रीय महोत्सव आहे, 2025 मध्ये मात्र तो झाला नाही. महोत्सवात एक पथ्य पाळा: दिवसाला पाच सिनेमे बघायच्या फंदात पडू नका, तिसऱ्यानंतर सगळ्या दुःखांचा एकच लगदा होतो. थिएटरात लागला तर शुक्रवार ते रविवारातच गाठा. त्या तीन दिवसांचे आकडे बघून सोमवारपासून शो कापले जातात, संध्याकाळचा शो सकाळी साडेनऊवर जातो, दादरचा ठाण्याला जातो, आणि ‘पुढच्या आठवड्यात निवांत बघू’ म्हणणाऱ्याला मग तो ओटीटीवर येईपर्यंत थांबावं लागतं. येईलच याची खात्री नाही. स्टार नसलेला सिनेमा घ्यायला तेही आता काचकूच करतात.